खडूच्या खुणा

थोरलीने खडूची पूड लावलेला हात वर केला, पण पुरता नाही. खांदा जरासा पाडला, कोपर किंचित वाकवलं आणि बोटं भिंतीला टेकवली. मॅडम तेवढ्यात टेपचा गुंता सोडवत होत्या.

मग ती गुडघ्यांत वाकली आणि जीव खाऊन जागच्या जागी उडाली. वर दुसरी खूण उमटली.

उभ्याची खूण आणि उडीची खूण, यांच्यामधलं अंतर म्हणजे पायांतली ताकद. धावताना पहिला झटका तिथूनच येतो, असं मॅडम सांगायच्या. रिलेच्या संघात एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी दोघी सख्ख्या बहिणी उभ्या होत्या. थोरलीचं वयोगटात बसण्याचं हे शेवटचं वर्ष.

धाकटीची उडी आधीच मोजून झाली होती. थोरलीची तिच्याहून चार बोटं जास्त भरली.

"पायांत स्प्रिंगा बसवून आणल्यास की काय गं?" मॅडम म्हणाल्या.

पोरी खिदळल्या. सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या धाकटीने. थोरलीलाही हसावं लागलं.

सगळ्या मैदानावर गेल्या. थोरली विसरलेली बाटली घ्यायला परत आली, तर धाकटी भिंतीशी उभी. हातात ओलं फडकं.

दोघींच्या खुणा शेजारी शेजारी होत्या. वरच्या जवळजवळ बरोबरीच्या. आणि खालच्या? घरी माळ्यावरचा डबा काढायचा तर जिला ताईला हाक मारावी लागायची, त्या धाकटीची उभ्याची खूण थोरलीच्या खुणेहून वर होती. शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

थोरली दोन पावलं पुढे आली. "अगं, मी..."

"मॅडम कुलूप लावायला येतील," धाकटी मागे न बघताच म्हणाली. "त्यांच्या नजरेला पडायला नको."

तिने खालच्या दोन्ही खुणा घासून पुसल्या. भिंतीवर ओला पट्टा उरला.

"वरच्या राहू दे. मी पुसते." थोरलीने फडक्यासाठी हात पुढे केला.

"नको ताई." आवाजात राग नव्हता. असता तर थोरलीला बरं वाटलं असतं. "तू आता हात वर करू नकोस."

धाकटी गुडघ्यांत वाकली आणि उडाली. आधी स्वतःची खूण पुसली. मग पुन्हा उडाली, आणि थोरलीच्या खुणेवरून फडकं अलगद फिरलं. खाली आली तेव्हा तिला साधी धापही लागली नव्हती.

थोरली आपली पांढरी बोटं पँटला पुसत राहिली. बाहेरून मॅडमनी तिला हाक मारली.

"आले," ती म्हणाली. पाय मात्र उचलेनात.