खालचे सहा

"आ करा, आजोबा. अजून थोडा."

हेझ्रॉन ओगुतांनी आ केला. डॉक्टर अवुओरने चौथा दात बसवला, दाबला, चिमट्याने हलवून पाहिला. हलला नाही. पाच महिन्यांपूर्वी तिने त्यांच्या वरच्या जबड्याच्या हाडात चार इम्प्लांट घातले होते. आज त्यांच्यावर दात चढले.

भिंतीशी बसलेली त्यांची बायको पेरेस वाकून बघत होती. "हसा बरं, अकोथचे बाबा. मोटारसायकलवरून पडलात, तेव्हा दातांबरोबर हसूही तिथेच टाकून आलात."

"हसण्याचं काय घेऊन बसलीस? रविवारी गाता आलं पाहिजे."

चर्चमध्ये हेझ्रॉन प्रवचन गाऊन करत. एक ओळ त्यांची, पुढची लोकांची. ते येसू नावेत निजल्याचं गात, लोक उत्तर देत, 'वादळाला सांगा, हळू बोल!' दात गेले आणि शब्दांची नुसती हवा व्हायला लागली. लोकांना ओळ कळेना, उत्तर येईना. उत्तर नसलेलं भजन देवापुढे कसं ठेवायचं? वर्षभर ते मागच्या बाकावर बसून होते.

"थांबा, अजून एक आहे," अवुओर म्हणाली आणि तिने एक डबी उघडली. आत खालचे सहा दात. "हे माझ्याकडून. मागे साचा घेतला तेव्हाच करून ठेवले. ही काढ-घालीची कवळी आहे. आवडली तर तिथेही इम्प्लांट करू."

केनियात किसुमूकडच्या, हेझ्रॉनच्या वयाच्या बहुतेक लुओ जमातीच्या माणसांच्या तोंडात खाली सहा दातांची मोकळी जागा असते. बाराव्या-तेराव्या वर्षी जमातीची रीत म्हणून ते सहा दात काढत. जो हूं की चूं करत नसे, तो जमातीचा झाला. अवुओरही लुओच, पण नैरोबीत वाढलेली, बत्तीस दातांची.

पोरीचं मन मोडायला नको म्हणून हेझ्रॉननी कवळी लावली. खाकरले आणि गायला लागले.

"येसू नावेत निजला आहे..."

जीभ दर शब्दाला नव्या दातांच्या भिंतीवर आपटत होती. अक्षरं सुटी सुटी, टणक पडली.

"किती स्पष्ट!" अवुओरने टाळी वाजवली.

"स्पष्ट आहे खरं," पेरेस म्हणाली. "आता रेडिओसारखं उद्याचं हवामानही सांगून टाका."

अवुओर हसली, पण तिचा चेहरा उतरला. हेझ्रॉननी कवळी काढली, रुमालाने नीट पुसली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"रागावू नकोस, पोरी. वरचे पडले होते, ते तू परत आणलेस. देव तुझं भलं करो. पण खालचे पडलेले नाहीत. ते मी दिलेत."

ती हातातल्या दातांकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "दुखलं होतं?"

"खूप."

"आणि रडलेही होते," पेरेस म्हणाली. "माझ्या भावाने पाहिलंय."

"घाम होता तो!"

गळ्यातलं कागदी फडकं तसंच ठेवून हेझ्रॉन खुर्चीत ताठ बसले. डोळे मिटले.

"येसू नावेत निजला आहे..."

या वेळी 'येसू' वरच्या दातांना टेकला आणि खालच्या मोकळ्या जागेवरून अलगद, ओलसर बाहेर आला. दारातून पलीकडे गेला. पेरेसला पुढची ओळ झोपेतही आली असती. पण तिने ओठ घट्ट मिटले आणि उत्तर दुसऱ्या कुणाकडून येतं का, म्हणून दाराकडे बघत राहिली.



शेजारच्या खोलीतलं दात कोरायचं यंत्र थांबलं. मग तिथून, अर्धा जबडा बधिर आणि गालात कापूस असलेल्या कुणा बाईने जड जिभेने, पण अगदी तालात ओळ उचलली:

"वादवाला हांगा, हवू बोल!"