कामात धरलेला प्रवास

धम्मपालचा उमरठ ते महाड प्रवास कामात धरायचा आणि त्याला रोज पाचला सोडायचं, असं मुकादमानं सगळ्यांदेखत सांगितलं. धम्मपाल जिंकला. पण ते सोडा. असं काही झालंच नाही.

झालं ते एवढंच, की त्या सकाळी धम्मपाल गवंडी हातात थापी धरून पिकअपच्या मागं, खडीवर बसला. लतीफ रोज वरच्या क्रशरवर खडी भरतो आणि महाडच्या साइटवर नेतो. जाताना उमरठच्या फाट्यावर धम्मपालला उचलतो. आधी हौद्यात आणखी गवंडी असायचे. कोणी मुंबईला गेले, कोणी एमआयडीसीत चिकटले. आता खडी आणि धम्मपाल. दोघांत खडी जास्त बोलकी. वळणावर तरी आवाज करते.

"थापी कशाला रे?" लतीफनं विचारलं. "हिथं कुठं भिंत हाय?"

"मुकादम काय बोलतात, लतीफभाय? थापी हातात आली की काम सुरू. आली."

मालोजी मुकादम हे रोज म्हणायचा, चहावर रेंगाळणाऱ्यांसाठी. कोणी ते इतकं मनावर घेईल, असं त्याला वाटलं नव्हतं. धम्मपालला जास्तीचे पैसे नको होते. गाडीतला वेळ कामात धरला तर संध्याकाळी तेवढं लवकर सुटता येईल, आणि तो घरी पोचेल तेव्हा अनुष्का जागी असेल, एवढंच त्याचं म्हणणं. पोरगी चार वर्षांची. तो निघतो तेव्हा झोपलेली, येतो तेव्हा झोपलेली. फार बडबडी आहे, असं बायको सांगते. धम्मपाल बायकोच्या शब्दावर विश्वास ठेवून आहे.

पोलादपूरच्या स्टँडसमोर ओळखीच्या एकानं हात केला. धम्मपालला करता आला नाही. एक हात फळीला, एक थापीला. हायवेला वाऱ्यानं टोपी नेली. तीही जाऊ दिली. काम चालू होतं.

साइटवर तो तसाच, थापी उगारल्यासारखा उतरला. मालोजी पोट धरून हसला. शेजारी इंजिनियर अनुपमा मॅडम होत्या, त्याही हसल्या. हसू आलं की मालोजी उदार होतो.

"जा, धरला तुझा प्रवास! आजपासून पाचला सुट्टी!"

बायकांनी घमेली वाजवली. (हे झालेलं नाही, हे ध्यानात असू द्या.)

धम्मपालनं लगेच घरी फोन लावला.

"दीक्षा, पोरीला दुपारी झोपव. मी आज लवकर येतोय."

"लवकर? काय झालं? पडलात बिडलात काय कुठं?"

"नाय गो. सुटतोय लवकर. सांग तिला."

जेवणं झाल्यावर कोंडाजी मुकादमासमोर येऊन उभा राहिला. कोंडाजी साइटवरच, खाली पत्र्याच्या शेडमध्ये राहतो.

"मुकादम, माझाबी प्रवास धरा."

"तुझा कसला प्रवास? तू हिथंच झोपतोस!"

"पत्र्यापासून चौथ्या मजल्यावर येतो. लिफ्ट कुठं हाय? मग तो प्रवास नाय काय?"

"असं असंल तर," काशीबाई डोक्यावरचं घमेलं उतरवत म्हणाली, "मी तर दिवसभर प्रवासातच हाय. काम कवा करते, मलाच ठावं नाय."

मालोजीनं मान वर करून चौथ्या मजल्याकडं पाहिलं. सगळ्यांचा प्रवास धरला, तर ती बिल्डिंग तिथंच थांबली असती. त्याचं हसू गेलं.

"कोण बोललं प्रवास धरला म्हणून?"

अनुपमा मॅडम नकाशात बघत होत्या. लतीफ म्हणाला, आपण तेव्हा खडी ओतत होतो, त्या आवाजात माणसाला काय ऐकू येणार? बायकांनी घमेली उचलली.

"मुकादम, तुम्हीच तर सकाळी—"

"तुझं घर लांब हाय, त्याला मी काय करू? तुझ्या आज्यानं मला विचारून बांधलं काय? पत्र्यात जागा हाय. ऱ्हा हिथंच. प्रवासच मिटला."

"ये बाबा," कोंडाजी खऱ्या मायेनं म्हणाला. "माझ्या बाजूला पथारी टाक. घोरतो तेवढा मी."

"नको, काका," धम्मपाल म्हणाला, आणि भिंतीकडं वळला.

पाच वाजले. ते रोजच वाजतात.

अंधार पडता पडता गाडी रिकामी निघाली. पुढच्या सीटवर दुरुस्तीचा पंप होता, म्हणून धम्मपाल मागं. लतीफ कानात वायर घालून दुबईच्या भावाशी बोलत होता, हसत होता. मागं आता खडीही नव्हती.

पोलादपूर सोडल्यावर दीक्षाचा फोन आला.

"दुपारी झोपलीच नाय ती. पप्पा येणार, पप्पा येणार, करून दारात बसली. आत्ता तिथंच लवंडली. आज रोजच्यापेक्षा लवकर झोपली बघा." आणि मग, "तुम्ही कुठं आलात?"

धम्मपालनं दोन्ही बाजूंना पाहिलं. झाडं होती. दिवा कुठंच नव्हता.

"येतोय," म्हणून त्यानं फोन ठेवला. मग कठडा धरून हौद्यात उभा राहिला, घसा साफ केला, आणि समोर साहेब बसल्यासारखा, वाऱ्यात मोठ्यानं म्हणाला,

"मेहेरबान तहसीलदारसाहेब, पोलादपूर, यांचे सेवेशी. अर्जदार हा साइटवर पोचेपर्यंत कामावर नसतो व घरी पोचेपर्यंत घरी नसतो. तरी मधल्या वेळेत तो कुठं असतो, याची सरकारी मोजणी होऊन, सदर जागेचा रहिवासी दाखला अर्जदाराचे नावे मिळावा, ही नम्र विनंती."