शुभांगीचा सोमवार

विरेशनं गाडीचं बॉनेट उघडलं आणि शुभांगी दोन पावलं पुढं सरकली. नळदुर्गाहून आलेलं हे गिऱ्हाईक नुसतं बघून जाणाऱ्यातलं दिसत नव्हतं. "लेकरागत जपलीय हो गाडी!" म्हणत तो गाडीभोवती चकरा मारत होता.

शेजारी बलभीमआबा गुडघा चोळत उभे होते. आबांनी बत्तीस वर्षं एसटी चालवली आणि निवृत्त झाल्यावर ही पांढरी, छोटी गाडी घेतली. मागं दोघं जण बसायचे. तिसरं कुणी बसलं की दार दोनदा आपटावं लागायचं. पण वस्तीवरच्या पाचही घरांचा तिच्यावर जीव होता. आता ती गेली तर आबांचं कसं व्हायचं, या विचारानं शुभांगीला सकाळपासून काही सुचत नव्हतं.

त्याला कारणही होतं. आबांच्या बायकोनं, धुरपतामावशीनं, अडीच वर्षांमागं अंथरूण धरलं. आपण काही यातून उठत नाही हे तिनंच ओळखलं, आणि पाचही घरच्या सुनांना जवळ बसवून सांगितलं, "म्या गेल्यावर हे खाट सोडायचे न्हाईत. तुमी वार लावून घ्या. गाडी बंद पडू दिऊ नका."

पूर्वी शिकायला आलेल्या गरीब पोरांना घरोघर जेवायचे वार लावून देत, तसेच हे वार. सोमवार शुभांगीचा, मंगळवार शांताक्काचा, असं शुक्रवारपर्यंत. ज्या घरचा वार, तिथल्या सुनेनं जायचं आणि म्हणायचं, आबा, येरमाळ्याला सोडता का?

मावशीचे दिवस झाले आणि आबा खरंच भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. पहिल्या सोमवारी शुभांगीच जाऊन उभी राहिली. आबा गुमान उठले, सदरा चढवला आणि किल्ली घेतली. तिला तेव्हा रडूच आलं होतं.

तसं बघितलं तर गाडीची गरज कुणालाच नव्हती. दारोदार मोटारसायकली होत्या. पण मरणाऱ्या बाईचा शब्द सासवांनाही मोडवेना. शुभांगीची सासू दगडाबाई एरवी सुनेला दळणाला धाडलं तरी घड्याळ बघत बसायची. सोमवारी मात्र तीच म्हणायची, "जा गं बाई, म्हाताऱ्याला तेवढाच इरंगुळा."

आता जायचं तर काम हवं, म्हणून शुभांगीनं येरमाळ्यात शिवणक्लास लावला. आबा बाहेर लिंबाखाली गाडी लावून डुलकी काढायचे. "घाई न्हाय मला. निवांत ये," एवढं म्हणायचे. क्लास सुटला की ती इरम्मा नावाच्या मैत्रिणीबरोबर उसाचा रस प्यायची, आईला फोन लावायची, पोटभर बोलायची आणि मग गाडीच्या काचेवर टकटक करायची. म्हाताऱ्या माणसासाठी आपण एवढं करतो, याचं तिला भारी समाधान वाटायचं.

विरेश घरी फोन करायला बांधाकडं गेला, तसं आबांनी तिला बाजूला बोलावलं.

"डॉक्टर म्हणला, क्लच दाबायचं बंद करा. माणूस बी चांगला हाय, जपंल गाडीला. पर आज तुझा वार. म्हणून तुलाच इचारतो. तुला गाडीची गरज हाय का? खरं सांग."

व्हय म्हणावं तर आबांचा गुडघा जाणार, न्हाय म्हणावं तर आबा पुन्हा खाट धरणार. पण दोन वर्षं आपल्यासाठी लिंबाखाली ताटकळत बसलेल्या माणसाशी खोटं बोलवेना.

"न्हाय, आबा. कवाच नव्हती," ती डोळे पुसत म्हणाली. "तुमी पडून ऱ्हाऊ नये म्हणून मावशीनं वार लावून दिलते. आमी फशिवलं तुमाला. इकून टाका गाडी आन् गुडघा सांभाळा. आमी पाचजणी येऊन बसत जाऊ की तुमच्यापाशी. फकस्त च्या तुमी करायचा."

आबा गालात हसले. "मला म्हायती हाय."

"काय म्हायती हाय?"

"सगळं. आगं, नवरा घरी मोकळा, फटफटी दारात, आन् तू दोऱ्याच्या रिळासाठी माझी गाडी सांगतीस! लई पाशिंजर बघितलेत म्या. काम असलेलं माणूस चढल्या चढल्या इचारतंय, कवा पोचल? तू एकदा तरी इचारलंस का?"

आबा लंगडत विरेशकडं गेले आणि त्यांनी हात जोडले. "पाव्हणं, जेवून जावा. पर गाडी द्यायची न्हाय." विरेशनं लई गळ घातली. शेवटी चहा पिऊन, मागं वळून वळून गाडीकडं बघत बिचारा गेला.

"खूळ लागलं का काय तुमाला, आबा!" शुभांगी आता चिडलीच. "गुडघा गेलाय, बत्तीस वर्षांत स्टेरिंगचा इट आलाय म्हणता, आमची लबाडी बी कळलीय. मग ठिवली कशाला? मावशीची आठवण म्हणून?"

"तिची कसली आठवण! गाडीत बसली की वांती व्हायची तिला," आबा म्हणाले आणि त्यांनी शुभांगीसाठी दार उघडून धरलं. "बस. तुमाला वार लावून द्यायच्या आदल्या दिवशी तिनं मला जवळ बसवलं आन् म्हणली, 'सासवा सुनंला सुनंच्या सुखासाठी उंबऱ्याभाईर सोडायच्या न्हाईत, पर बायको मेलेल्या म्हाताऱ्यासाठी सोडतील. तवा म्या गेल्यावर तुमी जरा रडकं तोंड करून ऱ्हावा.'"