झालर

ऑक्सिजनचं मशीन केकाटत होतं आणि नळी नाकात असूनही बाबांचे ओठ निळे पडत होते. सिलिंडरवाला हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला. शेवटी सलिलने फोनमधल्या एआयला साकडं घातलं. "मशीन तापलंय का?" फोनने विचारलं. "हो, खूप." "हवा आत घ्यायची जाळी कशाने झाकली गेलीय का?" "नाही हो, भिंतीपासून लांब आहे," त्याने घाईघाईने लिहिलं. "मशीनचा फोटो पाठवा." "थांब रे," आई पुढे आली. तिच्या घरात टीव्ही, फ्रिज, मिक्सर, काहीच उघडं नसायचं. या मशीनला तर तिने परवाच ठेवणीतली साडी कापून कव्हर शिवलं होतं. फोटोसाठी तिने त्याची झालर सारखी केली. फोटो गेला. उत्तर त्याने मोठ्याने वाचलं, "फोटोत मशीन दिसत नाही. जरीचं कापड दिसतंय." त्याने कव्हर ओढलं, पण आईच्या मुठीतून झालर सुटेना.