चांदीचा ठिपका

विजेला होणारा अडथळा दाखवणारी आलेखावरची रेघ पुन्हा तिथेच कोसळली. तळ्यावरच्या बर्फापेक्षा जेमतेम थोड्या अधिक गारठ्याला, एकदम शून्यावर.

"दुसऱ्यांदा!" प्रोफेसर आयनार लोकन यांनी टेबलावर थाप मारली. "बघितलंस ना टोवा? मी म्हणत होतो की नाही, हा काळा खडा एक दिवस बोलेल म्हणून?"

टोवाचंही काळीज धडधडत होतं. इतक्या साध्या थंडीत विजेला जराही न अडवणारा पदार्थ आजवर कुणाच्या हाती लागला नव्हता. तो मिळाला, तर गार ठेवणाऱ्या महागड्या द्रव हेलियमवाचून चालणारी चुंबकं बनतील, आणि मेंदूचे फोटो काढणारं ते मोठं यंत्र गावोगावच्या दवाखान्यांत येईल. प्रोफेसरांच्या पत्नीला, लोकनबाईंना, त्यासाठी दर खेपेला हिमवादळातून मिनियापोलिसला न्यावं लागायचं. बाई गेल्या, तरी प्रोफेसर या खड्यामागे हात धुऊन लागले होते. आज त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. शेजारच्या खोलीत केक येऊन पडला होता.

"आता तिसऱ्यांदा गार करू या," टोवा म्हणाली. तीनदा गार केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा या प्रयोगशाळेचा नियम. तो घातलाही त्यांनीच होता.

"तिसऱ्यांदा कशाला? गसला फोन लावतो. वीस वर्षं माझी टिंगल करतोय लेकाचा. आज दुपारी परिषदेत त्याचं भाषण आहे. तिथेच सांगून टाक म्हणतो सगळ्यांना!"

ते कोपऱ्यातल्या फोनकडे गेले. टोवाने खडा बाहेर काढला, त्याला उबेत आणलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मसुराएवढा खडा, त्याला केसाहून बारीक अशा सोन्याच्या चार तारा, चांदीच्या रंगाच्या ठिपक्यांनी चिकटवलेल्या. एरवी हे काम तिचं. या वेळी मात्र प्रोफेसर हट्टाला पेटले होते, शेवटचा नमुना मीच लावणार म्हणून. त्यांचे हात कापतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणाला ठाऊक नाही असंच सगळे वागत.

एक ठिपका चांगलाच फुगला होता. टोवाने चिमट्याने तारेला हलकेच स्पर्श केला. तार नुसतीच वर आली.

तार चिकटलेलीच नव्हती, फक्त टेकली होती. थंडीने आखडली की ती उचलली जायची, यंत्रापर्यंत काही पोचायचंच नाही, आणि मोजमाप शून्य दाखवायचं. ऊब मिळाली की पुन्हा जागेवर. तीनदा काय, दहादा गार केलं असतं तरी हेच दिसलं असतं.

आधी केक तरी खाऊ दे त्यांना, असं तिला फार वाटलं. पण दुपारी ती बातमी सगळ्या जगात गेली असती, आणि उद्या त्याच जगाने त्यांना हसून बेजार केलं असतं.

"हॅलो, गस? मी आयनार. बसलायस ना? नसलास तर खुर्ची घे आधी..."

टोवाने धावत जाऊन फोनचा खटका दाबला.

"अगं, वेड लागलं का तुला?"

"तार सुटली आहे, प्रोफेसर. चूक माझी. मी ती... नीट लावली नाही."

सूक्ष्मदर्शकावर वाकून ते बराच वेळ बघत राहिले. शेजारच्या खोलीतून कुणीतरी सुरी कुठे ठेवलीय म्हणून ओरडत होतं.

"हा एवढा ढब्बू ठिपका तुझा?"

"हो."

"तार फार छान लावतेस पोरी. खोटं मात्र अगदीच गबाळं बोलतेस."

टोवाचे डोळे भरून आले. तेवढ्यात फोन वाजला. प्रोफेसरांनी तो उचलला.

"काही नाही रे गस, लाइन कट झाली. केक कापायचाय, तुझी आठवण आली, एवढंच. नाही नाही, खडा अजून गप्पच आहे. हस, हस तू."

फोन ठेवून त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. मग सूक्ष्मदर्शकापुढची स्वतःची खुर्ची पायानेच तिच्याकडे सरकवली. त्या खुर्चीवर दुसरं कुणी कधी बसत नसे.

"बस. माझा ठिपका पूस आणि तुझा लाव."

"आणि केक?"

"केक कुठे पळून जातोय?"

ती बसली, चिमटा उचलला. तार काही केल्या जागेवर बसेना. आज तिचाच हात थरथरत होता.

"मनगट टेबलाला टेकव," प्रोफेसर हळूच म्हणाले. "मी दोन वर्षं तेच करतोय."