उंबऱ्याआतली पावलं

काचेची धार गेली तशी वर्षालीने ती बाजूला टाकली आणि फुटक्या बरणीचा दुसरा तुकडा उचलला. ओट्याजवळच्या जमिनीवरचा डाग हट्टी होता, वर्षानुवर्षांचा, तेलकट. काच तिरकी धरून ओढली की लाकडाचा बारीक कीस निघायचा आणि खालून मधासारखा रंग डोकावायचा. तो दिसला की तिला पाठीचा विसर पडायचा.

भोसरीत खाली लेथ मशीन आणि वर बिऱ्हाड अशी घरं पुष्कळ, पण वर लाकडाची जमीन यांच्याकडेच. सासरे हिंदुराव कंपनीत होते. परदेशातून मशिनं ज्या खोक्यांत यायची, त्यांच्या टणक फळ्या त्यांनी एकेक करून जमवल्या आणि स्लॅब झेपेना म्हणून लोखंडी गर्डरवर ठोकल्या. सासरे गेले. फळ्या राहिल्या, आणि खालच्या वर्कशॉपमधून चपलांबरोबर वर आलेलं ऑईल त्यांच्यावर मुरत राहिलं.

वर्षालीचा गर्भ दुसऱ्यांदा पडला, तेव्हा सासूने, म्हणजे कुसुमताईंनी, तिला हवापालट म्हणून परांड्याला माहेरी धाडलं. हवापालट लांबतच गेला. नवरा समर्थ फोन उचलेनासा झाला. परत कधी जाणार, असं माहेरी वहिनी भाकरी वाढता वाढता विचारू लागली. आणि एक दिवस खुद्द सासूचा फोन आला.

"ये बाई. घराचं काम काढलंय. घरची बाई न्हाई तर कसं व्हायचं?"

घरची बाई! त्या दोन शब्दांवर वर्षालीने बॅग भरली आणि सकाळची पहिली एस.टी. पकडली.

मशीनने जमीन घासून देणारा सुतार आधी येऊन गेला होता. त्याने असा काही आकडा सांगितला म्हणे, की कुसुमताईंनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. मग वर्षालीनेच मोबाईलवर बघून आणि हार्डवेअरच्या दुकानात विचारून स्वस्तातली वाट काढली. तेलाच्या डागांवर चुना आणि धुण्याचा सोडा थापायचा, वाळला की खरवडायचा. मग काच, मग पॉलिश पेपर, आधी जाड, नंतर बारीक. निघालेला भुसा सरसात कालवून फटींत भरायचा. वरून जवसाच्या तेलाचा हात. ती गुडघ्यांवर रांगत घर पालथं घालत होती, आणि रांगता रांगता गुणगुणत होती.

कुसुमताई तर कधी नव्हे त्या मायाळू झाल्या होत्या. संध्याकाळी तिचे सोललेले तळवे मांडीवर घेऊन खोबरेल चोळायच्या. "हात जप गं. दाराकडची बाजू राहिलीय अजून," म्हणायच्या. समर्थ मात्र खाली वर्कशॉपमध्येच झोपायचा. जवसाच्या तेलाने त्याचं डोकं दुखायचं म्हणे. ज्याचा सगळा जन्म कटिंग ऑईलच्या वासात गेला, त्याचं जवसाने डोकं दुखावं! वर्षालीला याचंही नवल वाटलं नाही. आशा लागली की माणसाला कशाचंच नवल वाटत नाही. वेडी कुठली!

शेवटी दाराकडची बाजू आली. उंबऱ्याच्या आतल्या फळीवर दोन लाल पावलं होती. तिचीच. लग्नाच्या दिवशी तिने माप ओलांडलं, कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवले आणि पहिली पावलं इथे टेकवली. फरशी असती तर दुसऱ्या दिवशी पोछ्याने गेली असती. लग्नासाठी नवीच बसवलेली ही फळी, तिच्या कोऱ्या लाकडाने रंग पिऊन टाकला. लक्ष्मी आता जायची नाही, असं म्हणत बायका किती हसल्या होत्या!

वर्षालीने त्या पावलांना काच लावली नाही. त्यांच्या कडेकडेने घासलं. वरून तेलाचा हात फिरवला तर ती कालची वाटावीत इतकी लाल झाली. तिला भरून आलं. सगळ्या घरात एवढा एकच डाग तिने स्वतःसाठी ठेवला होता.

कुसुमताई अनवाणी सगळीकडे फिरून आल्या. "आरशावानी झाली गं!" म्हणाल्या. मग दारापाशी थांबल्या. "ह्ये का ठेवलंस?"

"आत्या, माझी पावलं आहेत ती. लग्नातली."

"ठावं हाय मला. ती बी काढ. परवा आळंदीला समर्थचं लगीन हाय. नव्या पोरीची पावलं ह्याच फळीवर उमटायचीत. जुन्यावर नवी उमटवत न्हाईत."

वर्षालीने जिन्याकडे पाहिलं. समर्थ वरच्या पायरीवर उभा होता. जमीन खराब होऊ नये म्हणून त्याने चपला काढून हातात घेतल्या होत्या. एवढी काळजी त्याने आजवर कशाचीच घेतली नव्हती. तो तिच्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता, आणि ती त्याला आवडलेली दिसत होती.

"अहो," ती म्हणाली. तो चपला तशाच हातात धरून खाली उतरून गेला.

वर्षाली सासूकडे वळली. ती म्हणाली, "असंच करायचं होतं, तर मला बोलावलंत कशाला?"

कुसुमताईंनी खाली वाकून काचेचा नवा तुकडा उचलला. तिचा हात कापू नये अशा बेताने, धार बाहेर ठेवून, तो तिच्या तळव्यावर ठेवला.

"सुतार परवडंना, बाई."