तांबड्या पेन्सिलीचे शेरे

इतिहासाच्या निवृत्त मास्तरांना हातात तांबडी पेन्सिल असल्याशिवाय काही वाचताच येत नसे. वर्तमानपत्रसुद्धा ते तपासूनच रद्दीत टाकत.

"नुसती रडारड आणि प्रेमपत्रं! साऱ्या बायका या कादंबरीमागे वेड्या झाल्यात, आणि त्यात तूही?"

"अहो, वाचून तरी नावं ठेवा," बायकोने आपली प्रत त्यांच्यापुढे सरकवली.

"दे इकडे. चुका काढूनच परत करतो."

चौथ्या दिवशी पुस्तक तिच्या उशाशी ठेवून ते म्हणाले, "तपासलं," आणि घाईघाईने झाडांना पाणी घालायला निघून गेले.

तिने पुस्तक उघडले. नवव्या पानावर शेरा होता, ‘पुरावा काय?’ चाळिसाव्यावर, ‘अतिशयोक्ती.’ एकशे दहाव्यावर, ‘पत्र फाडू नकोस, पोरी!’ दोनशेव्यावर, ‘अरे गाढवा, आता तरी बोल!’ पुढच्या शंभर पानांवर एकही शेरा नव्हता. शेवटच्या पानावर, अगदी बारीक अक्षरात, ‘दुसरा भाग आहे का?’

तिने त्यांचीच पेन्सिल घेतली आणि खाली लिहिले, ‘आहे. आधी "न वाचता नावे ठेवणार नाही" हे वाक्य शंभर वेळा लिहून दाखवा.’